पहिल्या वर्गाचे उतारू

खोली बघायला म्हणून मी त्या बंगलीत प्रथम गेले, तेव्हा घरमालक अप्पांनी मला खोली दाखवलीच नाही. त्यांनी मला ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं, कपाटातून घराचा एक नकाशा काढून टेबलावर पसरला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवली आणि विचारलं, "बाई, आपल्याला सकाळच्या उन्हाची बाजू हवी की दुपारच्या?"

"रिकाम्या खोल्या किती आहेत?" मी विचारलं.

"एक."

"मग तीच द्या."

"तसं नाही," अप्पा दुखावल्यासारखे म्हणाले. "उतारूला विचारायचं असतं."

मी त्याच वेळी चप्पल पायात घालून निघून जायला हवं होतं. पण अंबरनाथच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती, तिथल्या खोल्या कारखान्यांतल्या लोकांनी अडवलेल्या होत्या आणि बदलापुरात एकट्या बाईला जागा देणारं दुसरं घर मिळत नव्हतं. शिवाय आतून त्यांची बायको, म्हणजे काकू, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "राहा गं. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी देत नाही." त्या एका वाक्यावर मी राहिले. लक्ष न देणं किती अवघड आहे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

अप्पा मुंबईला फोर्टात एका बोटीच्या कंपनीत आयुष्यभर पहिल्या वर्गाच्या टेबलावर होते. संस्थानिक, शेठ, बॅरिस्टर, गोरे कलेक्टर, सगळ्यांना त्यांनी केबिनी दिल्या. कुठल्या बोटीवर कुठल्या केबिनीत इंजिनाची धडधड येते, कुठे मुदपाकखान्याचा वास येतो, कुठल्या खिडकीतून चंद्र चांगला दिसतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. झांजीबारला उतरल्यावर कुठल्या हॉटेलात गच्चीची खोली मागायची, एडनला कुणाच्या दुकानात जायचं नाही, हेही. स्वतः मात्र त्यांनी पाण्यावर कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. अलिबागला कुणाच्या लग्नाला जायचं झालं तरी ते बोट सोडून पनवेलवरून मोटारीने धक्के खात जायचे. विचारलं तर म्हणायचे, "नोकरीत वेळच कुठे होता?"

निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या साहेबाने निरोपाची भेट म्हणून नवराबायकोला मोंबासापर्यंत जाऊन-येऊन पहिल्या वर्गाचा प्रवास दिला. मोंबासा अशासाठी, की काकूंचा धाकटा भाऊ तिथे रेल्वेत होता. काकूंनी त्याला लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलेला. तो तिकडे गेला तेव्हा काकूंचे केस काळे होते आणि त्यानंतर बहीणभावंडांची भेट नव्हती. साहेबाने मात्र एक मोठी चूक केली. 'सोयीने केव्हाही' असं त्याने त्या भेटीत घालून ठेवलं. ते दोन शब्द त्याने घातले नसते, तर माझी बदलापुरातली वर्षं सुखाची गेली असती.

दिवाळी झाली की अप्पांची जायची तयारी सुरू होई. पावसाळ्यानंतर समुद्र शांत असतो म्हणून. त्या तयारीत घरातलं मांजरसुद्धा सुटत नसे, मग मी कुठली सुटणार? पहिल्या वर्गाच्या जेवणाची सवय हवी म्हणून संध्याकाळी देवघरातली घंटा वाजवून ते जेवणाची वर्दी देत. काकूंना ते मुळीच आवडत नसे. आमटी हे सूप, म्हणून ती आधी एकटीच प्यायची. भात येईपर्यंत आमटी संपलेली असे. मग कोरडा भात घशाखाली ढकलत मी 'कॅप्टनच्या टेबलावरची बाई' व्हायचं आणि अप्पांनी माझ्याशी इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

"मॅडम, द सी इज व्हेरी प्लीझंट."

"येस," मी म्हणे.

"नुसतं येस नाही, बाई. काहीतरी लांब बोला. पहिल्या वर्गात लांब बोलतात."

दिवसभर चाळीस पोरींना इंग्रजी शिकवून आलेल्या बाईला हे सांगायचं!

त्यांचं आणखी एक वेड म्हणजे पहिल्या वर्गाचा माणूस घाई करत नाही. "घाई डेकवाल्यांना," असं ते म्हणत; डेकवाले म्हणजे स्वस्त तिकिटावर वर उघड्यावर बसणारे. सकाळी मी स्टेशनला निघाले, की तेही फिरायला म्हणून बरोबर निघत आणि वाटेत दर झाडापाशी थांबून मला जहाजावरचा एखादा नियम सांगत. त्यांना टाकून पुढे पळणं वाईट दिसे. समोर गाडी सुटताना बघत मी कितीदा तरी फलाटावर उभी राहिले आहे, आणि हेडबाईंनी त्याबद्दल मला कितीदा तरी उभं केलं आहे. अप्पा म्हणायचे, "पुढची गाडी आहे की. आणि ती रिकामी असते."

बोट लागू नये म्हणून त्यांनी झोपाळ्यावर बसून जेवायचा सराव केला तो तर कळसच. काकूंनी झोका द्यायला साफ नकार दिला. तेव्हा एका हातात पोरींच्या वह्या आणि दुसऱ्या हाताने झोपाळ्याची कडी, अशी मी. "जोरात, बाई! आता आपण खुल्या समुद्रात आहोत!" मी चिडून खरोखरच जोरात दिला. अप्पांनी पोहे, चहा आणि सकाळचं औषध, सगळं अंगणात काढलं. तोंड पुसून ते समाधानाने म्हणाले, "बघा. एकदा झालं की मग होत नाही म्हणतात." दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं.

सूट शिवायला ते मला घेऊन उल्हासनगरला गेले. त्या वेळी आम्ही त्याला कॅम्पच म्हणत असू. लष्कराच्या बराकी होत्या, आणि त्यांत सिंधमधून आलेली कुटुंबं गोणपाटाचे पडदे लावून राहत होती. पण बराकीच्या तोंडाशी दुकानं उभी राहिली होती आणि त्यातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याचा हात चांगला म्हणून नाव झालं होतं. कराचीला तो बड्या लोकांचे सूट शिवायचा. अप्पांनी त्याला बोटीवर रात्रीच्या जेवणाला घालायचा काळा सूट हवा म्हणून सांगितलं.

"जहाज में जाता है, साईं?" शिंपी टेप गळ्यातून काढत म्हणाला. "हम भी जहाज में आया. कराची से."

अप्पांचे डोळे चमकले. "कौनसा जहाज?"

शिंप्याने नाव सांगितलं.

"वा! छान बोट," अप्पा म्हणाले. "उसका डायनिंग हॉल देखा? लकडी का काम देखने जैसा है. आपका केबिन कौनसे बाजू को था?"

"केबिन किधर, साईं. ऊपर खुल्ले में बैठा. सब बैठा. मेरा घरवाली, उसका माँ, सब."

"ऊपर?" अप्पा हळहळले. "गलती किया. उस बोट में नीचे डावे बाजू को क्या हवा लगता है! पहले पूछना चाहिए था."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. शिंप्याची बायको आत शिलाई करत होती, तिचं मशीन थांबलं. शिंप्याने टेप सरळ केला. मग तो शांतपणे म्हणाला, "आप उधर होता तो जरूर पूछता, साईं. हाथ ऊपर करो."

परत येताना मी अप्पांना म्हटलं, "अहो, ती माणसं घरदार टाकून आली. त्यांना केबिनी कसल्या विचारता?"

"मी कुठे वाईट बोललो?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. जरा वेळाने मात्र ते म्हणाले, "ती म्हातारी. त्याची सासू. उघड्यावर बसली असेल नाही?" सूट उत्तम झाला. पुढच्या दिवाळीला त्यांनी त्या शिंप्याकडे मिठाई पाठवली, पोचवायला मला.

पहिल्या वर्षी सारं बदलापूर निरोपाला आलं होतं. काकूंची ओटी भरली, भावासाठी लोणची, मेतकूट, पोह्याचे पापड आले. शेजारच्या खरवई गावची दूधवाली तांदूळ घेऊन आली. हार घातले. निघायच्या आदल्या दिवशी अप्पा मुंबईहून परत आले ते तोंड पाडून. मिळालेली केबिन बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या बरोबर वर येत होती, म्हणजे रात्रभर धडधड. "मी ज्या केबिनीत शत्रूलासुद्धा झोपवलं नाही, त्या केबिनीत मी जाणार नाही," त्यांनी जाहीर केलं. पापड आम्हीच खाल्ले.

पुढच्या वर्षी पुन्हा ओटी, पुन्हा हार. या खेपेला प्रवासासाठी टोचून घेतलेल्या तापाच्या लशीने त्यांचा दंड सुजला. आदल्या दिवशी थोडा सुजला होता, बोट सुटायच्या दिवशी त्यांनी तो इतका सुजवला की गळ्यात झोळी बांधून बसले. बोट सुटून गेल्याची वेळ झाली आणि संध्याकाळी त्याच हाताने त्यांनी नारळ फोडला.

त्या वर्षी नंतर मोंबासाहून सुटीवर आलेले एक गृहस्थ काकूंना भेटायला आले. त्यांनी सहज सांगितलं, की येत नसल्याची तार वेळेवर पोचलीच नव्हती. काकूंचा भाऊ मोटार घेऊन धक्क्यावर आला होता आणि शेवटचा उतारू उतरून गेला, हमाल गेले, तरी उभा होता. "आणि आता त्यांचे डोळे अधू होत चाललेत," ते गृहस्थ म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, जोवर दिसतंय तोवर दिसतंय. तुमची फार आठवण काढतात."

काकूंनी पाहुण्यांना चहा दिला. अप्पांचा पेला मात्र त्यांनी इतक्या जोरात ठेवला, की बशी तडकली.

अप्पांना लाज वाटली असावी. कारण तिसऱ्या वर्षी त्यांनी वेगळाच पवित्रा घेतला. बोटीचा जमाना गेला, आता विमान! चौकशीला म्हणून आम्ही तिघं सांताक्रूझला विमानतळावर गेलो. अप्पा काळ्या सुटात, भर दुपारी. तिथला थाट मलाही आवडला, कबूल करायला हवं. चकचकीत फरशी, गालिचे, चहा देणारे पांढऱ्या हातमोज्यांचे लोक. अप्पा खुशीत होते. इतक्यात एका गुजराती शेठजींना तिथल्या माणसाने सामानाबरोबर वजनाच्या काट्यावर उभं केलेलं त्यांनी पाहिलं.

"हे काय चाललंय?" अप्पांनी त्या माणसाला विचारलं.

"वजन, साहेब. विमानात सगळ्यांचं करतात."

"पहिल्या वर्गाच्या उतारूचं? माणसाचं?" अप्पांचा आवाज चढला. "मी काय गुळाची ढेप आहे?"

"अहो, हळू," काकू म्हणाल्या.

"ज्यांना आपला उतारू वजनाने मोजायचा आहे, त्यांच्याबरोबर मी जाणार नाही!" आणि आम्ही चहा अर्धा टाकून बाहेर पडलो. रस्त्यावर मी संतापाने म्हटलं, "अप्पा, तुम्हाला जायचंच नाही. सरळ सांगा ना." त्यांनी असं काही माझ्याकडे पाहिलं, की मीच गडबडले. ते म्हणाले, "बाई, माझ्याइतकं जायचं कुणालाच नसेल." आणि ते खरं होतं, हाच तर सगळा वैताग होता.

चौथ्या वर्षी निरोपाला कुणी आलं नाही. दूधवालीने मात्र विचारलं, "काकू, औंदा तरी जानार का नाय?" काकू म्हणाल्या, "बघू." त्यांनी पापड लाटले नाहीत, ओटी भरवून घेतली नाही. एक लहान ट्रंक भरली आणि मला म्हणाल्या, "तू धक्क्यापर्यंत चल." मी शाळेत रजा टाकली. हेडबाई म्हणाल्या, "पुन्हा?"

धक्क्यावर अप्पा असे वागले, की त्यांच्याबद्दलचं आपलं चार वर्षांचं मत चुकलंच असं मला क्षणभर वाटलं. काळा सूट, डोक्याला टोपी, हातात काठी. ते हमालांना सामान कुठे ठेवायचं ते सांगत होते, एका पारशी जोडप्याला त्यांच्या केबिनीचा रस्ता समजावत होते. गाठोडी घेऊन बसलेल्या डेकच्या उतारूंना सावलीची बाजू दाखवत होते, आणि त्यातल्या एका म्हातारीला त्यांनी स्वतः हाताला धरून पुढे नेऊन बसवलं. लोकांना वाटलं, कंपनीचे कुणी बडे अधिकारी आहेत. बोट पांढरीशुभ्र होती, वर कुठेतरी बँड वाजत होता. कधी नाही ते मलाही जावंसं वाटलं.

मग आमची पाळी आली. अप्पांनी शिडीवर एक पाय ठेवला. शिडी जराशी हलली. त्यांनी खाली पाहिलं. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हातभर फट होती आणि तिच्यात काळं पाणी वरखाली होत होतं. अप्पांनी पाय मागे घेतला.

"आपण पुढच्या बोटीने जाऊ," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "या बोटीचा कॅप्टन नवा आहे. मला आत्ताच कळलं."

मागे माणसं खोळंबली होती. काकूंनी हात पुढे केला.

"माझं तिकीट द्या."

"अगं, पण..."

"आणि पासपोर्ट."

"तू एकटी?"

"एकटी कशी? केवढी माणसं चढली आत्ता, तुम्हीच तर चढवलीत."

अप्पांनी कोटाच्या खिशातून कागद काढले. काकूंनी त्यातले आपले घेतले, त्यांचे परत त्यांच्या हातात दिले आणि मला म्हणाल्या, "यांना संध्याकाळी गरम पाणी लागतं पायांना." मग नऊवारीचा काष्टा जरा वर खोचून, कठड्याला धरून, त्या वर गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. पायांकडे बघत चढायचं होतं, कसं बघणार?

"उजवीकडे वळू नकोस!" अप्पा खालून ओरडले. "जिना डावीकडे आहे! डावीकडे!"

मला वाटलं होतं, ते आता कोसळतील. पण बोट सुटेपर्यंत ते लोकांना रुमाल कुठून हलवावा ते सांगत होते.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. स्वयंपाक मी करत होते. घंटा बंद झाली. अप्पा भातावर आमटी ओतून मुकाट्याने जेवत. पण गावात विचारलं की म्हणत, "मी तिला पुढे पाठवलंय." आणि रोज सकाळी एखाद्या बंदराचं नाव घेऊन, "आज सेशेल्स येईल. बंदरात बोट लांब उभी करतात, होडीने न्यावं लागतं," असं काही म्हणून माझ्याकडे असे बघत, की जणू मी त्यांना सांगावं, ती होडीत नीट बसली असेल. मी काय सांगणार? मी म्हणे, "नीट बसल्या असतील." हे एकदा नाही, रोज. माझ्या तोंडून ते वाक्य ऐकल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत.

काकू परत आल्या त्या उन्हाने रापून आणि आवाज वाढवून. त्यांच्या बोलण्यात जोर आला होता. पहिल्या वर्गाच्या टेबलावर त्या रोज हाताने भात कालवून जेवल्या होत्या, आणि शेजारची गोरी बाई परतीला त्यांच्याकडून तसं कालवायला शिकली होती. झांजीबारहून त्यांनी लवंगांची पिशवी आणली. सगळं घर तिच्या वासाने भरलं.

"भाऊ कसा आहे?" मी विचारलं.

"धक्क्यावरच होता. मला बघितलं आणि म्हणाला, 'ताई, तू म्हातारी झालीस गं.'" काकू हसल्या, आणि डोळे पुसले. "म्हटलं, चला. म्हणजे दिसतंय अजून."

अप्पा मध्येच म्हणाले, "जिना डावीकडेच होता ना?"

"उजवीकडे होता. तुमचं ऐकून मी डावीकडे गेले आणि कोळशेवाल्यांत पोचले."

"शक्य नाही. त्या बोटीचा जिना डावीकडेच आहे."

"अहो, मी राहून आले तिथे!"

"राहून आलीस म्हणून काय झालं?"

तास-दीड तास ते दोघं भांडत होते. मी वह्या घेऊन अंगणात जाऊन बसले. आत आवाज खाली आले, तेव्हा अप्पा हळूच विचारताना ऐकू आले, "भीती वाटली का गं?"

"वाटली की. पहिल्या दिवशी फार."

"मग?"

"मग काय? तिथून उतरता थोडंच येतं."

मग अप्पा म्हणाले, "मला इथे उतरायची फार सोय होती." चार वर्षांत त्यांच्या तोंडून आलेलं एवढं एकच सरळ वाक्य. मला वाटलं, चला, आता तरी हा माणूस सुधारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली. अप्पा ओसरीवर काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आमचा प्रवास उत्तम झाला हो. समुद्र अगदी शांत होता."

आमचा! माझ्या हातातला तांब्या पडायचा राहिला. मी स्वयंपाकघरात काकूंकडे गेले. "ऐकलंत? आणि तुम्ही गप्प बसता?"

काकू लवंगा निवडत होत्या. "त्यांचाच होता तो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ती बोट ऐकली. जेवणाचा गोंग वाजला की काय करायचं, कोण कुठे बसतं, पाणी कुणाकडे मागायचं, सगळं मला पाठ होतं. नाहीतर माझी कुठली हिंमत? थोडं चुकीचं पाठ होतं, एवढंच."

बाहेर अप्पा दूधवालीला झांजीबारला लवंगा कशा वाळवतात ते सांगत होते. झाडावरच वाळू देतात, म्हणत होते.

"चटयांवर!" काकू म्हणाल्या, आणि पदर खोचून ते दुरुस्त करायला बाहेर गेल्या.